वाढलेलं कुंपण काढायला मशीन बोलवण्याआधी

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या बागेच्या पानावर जुन्या, हाताबाहेर गेलेल्या झाडांच्या कुंपणाबद्दल छोटा मजकूर आला होता. त्यात शेवटी एकच ओळ होती, की हाताने होत नसेल तर सरळ खोदाईचं मशीन भाड्याने आणा, एका दिवसात जागा मोकळी. ओळ चूक नाहीये, पण फार अपुरी आहे, आणि मी अगदी तेवढ्याच माहितीवर मशीन आणलं होतं म्हणून हे पत्र लिहायला बसले. पत्र लांबलंय. जागा नसेल तर कमी करा, पण बुंध्यांची उंची, जमिनीखालचे पाइप आणि घरटी एवढं तरी प्लीज ठेवा.

आमचं कुंपण साधारण १०० फूट लांब. बरंचसं कोयनेल, म्हणजे कडू मेंदी, मधे मधे दुरंता आणि जास्वंद, आणि एका टोकाला बोगनवेल. सासरे होते तोवर वर्षातून दोनदा छाटणी व्हायची, नंतर सात-आठ वर्षं कुणी कात्रीच लावली नाही. बघता बघता १२ फूट उंच आणि ८ फूट रुंद झालं, चालायची वाट निम्मी गिळली. बाहेरून हिरवंगार दिसायचं पण आत हात घातला की नुसत्या वाळक्या काड्या, कारण वरून-बाहेरून दाट झालं की आत उजेड जात नाही आणि आतली पानं गळून जातात. मागची कंपाउंडची भिंत कलायला लागली होती, ड्रेनेजच्या चेंबरपर्यंत पोचता येत नव्हतं, म्हणून काढायचंच ठरलं.

इथे एक सांगायला हवं. सगळीच कुंपणं काढायची गरज नसते. कोयनेल, दुरंता, जास्वंद, मेंदी ही मंडळी अशी आहेत की गुडघ्याएवढी छाटून टाकली तरी जुन्या लाकडातून परत फुटतात, एक-दोन वर्षांत पुन्हा नीट कुंपण उभं राहतं, आणि एकदम धीर होत नसेल तर या वर्षी एक बाजू, पुढच्या वर्षी दुसरी असंही करता येतं. मोरपंखीचं तसं नाही, तिला हिरवा भाग सोडून उघड्या लाकडापर्यंत कापलं की तिथे परत फुटवा येत नाही, ती बाजू कायमची बोडकी. तेव्हा आधी झाड कुठलं आहे ते बघा, मग मशीनचा नंबर शोधा. आमची भिंत धोक्यात नसती तर मीही काढलं नसतं, हे मनापासून सांगते.

तर मशीन. मी फोन केला आणि म्हटलं जेसीबी पाठवा. आपण सगळेच पिवळं मशीन दिसलं की जेसीबी म्हणतो. ते खरं तर १९४५ साली इंग्लंडमध्ये जोसेफ सिरिल बॅमफर्ड यांनी सुरू केलेल्या कंपनीचं नाव, त्यांच्याच नावाची आद्याक्षरं. पुढे मोठं लोडरचं बकेट आणि मागे खोदायचा हात असतो त्या मशीनला बॅकहो लोडर म्हणतात, आणि त्या कंपनीने ते पहिल्यांदा १९५३ मध्ये काढलं. पोकलेनचंही तसंच, ते एका फ्रेंच कंपनीचं नाव, आपण चेनवर चालणाऱ्या आणि कमरेत गोल फिरणाऱ्या कुठल्याही खोदाई मशीनला ते लावतो. नावावरून वाद घालायचा नाहीये मला, पण फोनवर नुसतं जेसीबी म्हटलं की समोरचा बॅकहो लोडरच पाठवणार, आणि तो साधारण साडेसात-आठ टनांचा, रुंदी सव्वादोन मीटरच्या वर. भाड्याने देणाऱ्या माणसाने मला ना गेटची रुंदी विचारली, ना मशीन कुठून आत नेणार ते विचारलं, ना झाड कुठलं ते. मीही सांगितलं नाही कारण मला ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

मशीन गेटमधून कसंबसं आत आलं पण घराच्या बाजूची वाट जेमतेम पाच फुटांची, मागे कुंपणापर्यंत जाणार कुठून? अंगणात वळवायचा प्रयत्न केला तर पुढच्या चाकाखाली चेंबरचं झाकण फुटलं. आठ टन वजन म्हणजे काय ते तेव्हा कळलं. अंगणातल्या फरशा, पेव्हर ब्लॉक, सेप्टिक टँकचा स्लॅब, यातलं काही एवढ्या वजनासाठी बांधलेलं नसतं. अर्ध्या तासात मशीन परत गेलं, आणि पैसे मात्र ठरलेल्या किमान तासांचे आणि वर येण्याजाण्याचे द्यावे लागले. बहुतेक ठिकाणी हीच पद्धत असते, मशीन तासावर, त्यात किमान इतके तास धरायचेच, वाहतूक वेगळी, कधी डिझेल वेगळं. हे आधी लिहून घ्यायला हवं होतं. व्हॉट्सअॅपवर दोन ओळी आल्या तरी पुरतात, पण लिहिलेलं हवं.

मग चौकशी केल्यावर कळलं की आमच्यासारख्या जागेला मिनी पोकलेन लागते. दीड-दोन टनांची, रबरी चेनवर चालणारी, काही मॉडेलच्या चेनी आत ओढून घेता येतात आणि मग रुंदी जेमतेम एक मीटर होते, म्हणजे बाजूच्या वाटेतून आरामात जाते. तरी फरशीवरून नेताना खाली जाड प्लायवुडच्या फळ्या टाकायच्या, आणि त्यावर मशीन जागच्या जागी वळवू द्यायचं नाही कारण वळतानाच फरशा उखडतात. दोन दिवसांनंतरची तारीख मिळाली.

आणि मी म्हटलं की मशीनचा वेळ वाचवू, तर आधी माणसं लावून वरचं सगळं कापून घेऊ. हीच माझी सगळ्यात मोठी चूक. म्हणजे वरचं आधी कापणं बरोबरच होतं, किती कापायचं ते चुकलं. त्यांनी कोयता, करवत आणि चेनसॉ लावून ९० फूट अगदी जमिनीलगत साफ केलं, बुडखे मातीच्या वर दोन बोटंसुद्धा नाहीत. मला तर ते बघून फार बरं वाटलं होतं. शेवटचे दहा फूट, बोगनवेलीचा कोपरा राहिला तेव्हा त्यातला एकजण थांबला आणि म्हणाला, ताई, आत घरटं आहे. लालबुड्या बुलबुलाचं, आणि त्यात तीन पिल्लं, डोळेही न उघडलेली.

काम तिथेच थांबवलं. बुलबुलाचं अंडी घालण्यापासून पिल्लं उडेपर्यंतचं सगळं साधारण महिन्याभरात उरकतं, आणि आमची तर अंड्यातून बाहेर आलेलीच होती म्हणजे दोन आठवडे पुरेसे होते, मी तीन थांबले. मशीनवाल्याला फोन करून तारीख पुढे ढकलली, तो नाराज झाला पण ढकलली. आता मला जे टोचतं ते हे, की आधीच्या ९० फुटांत काय काय होतं ते कुणीच पाहिलं नव्हतं. दाट कुंपण म्हणजे बुलबुल, शिंपी, मुनिया यांची घरटी करायची आवडती जागा, आणि घरटं बाहेरून दिसत नाही कारण न दिसण्यासाठीच ते तिथे केलेलं असतं. बघायचं कसं तर सकाळी लवकर अर्धा-पाऊण तास कुंपणापासून लांब नुसतं बसायचं, एखादा पक्षी चोचीत किडा किंवा काडी घेऊन पुन्हा पुन्हा एकाच जागी आत शिरतो का ते बघायचं. मोबाइल बाजूला ठेवून बसायचं. आणि हे मशीनची तारीख घेण्याच्या आधी करायचं, कारण एकदा पैसे भरले की आपला धीर सुटतो. त्याच वेळी गांधीलमाश्यांचं पोळं आहे का तेही दिसतं, मशीनची थरथर सुरू झाली की त्या भडकतात आणि ऑपरेटर उघड्या केबिनमध्ये बसलेला असतो.

तीन आठवड्यांनी मिनी पोकलेन आली. ऑपरेटर चांगला अनुभवी, उतरला, त्या ९० फुटांवरून एक फेरी मारली आणि म्हणाला, "ताई, धरू कुठे?"

तोवर बुडख्यांतून वीतभर कोंब आले होते. त्याचं म्हणणं असं की झुडूप उपटायचं म्हणजे मशीन त्याला बुंध्यावर ढकलतं किंवा बकेटमध्ये पकडतं, खोड तरफेसारखं काम करतं आणि मुळं आपोआप उचलली जातात. खोड तीन-चार फूट ठेवलेलं असेल तर वरून थोडा जोर लावला तरी बुडात मोठा जोर पडतो. जमिनीलगत कापलेल्या बुडख्याला तरफच राहत नाही, मग चारी बाजूंनी खणून मुळं तोडून तो गड्डा बाहेर काढायचा. तसंच करावं लागलं. ते ९० फूट दिवसभर चाललं आणि संध्याकाळ होऊनही थोडं उरलं. दुसऱ्या दिवशी बोगनवेलीचा कोपरा, जो घरट्यामुळे राहून गेला होता, तो त्याने माणसाकडून छातीएवढा ठेवून कापून घेतला, आणि तिथली खोडं माझ्या मनगटाहून जाड असूनही एक एक करत सहज सुटून आली. दहा फूट तासाभराच्या आत. एकाच कुंपणाची दोन टोकं शेजारी शेजारी बघितली म्हणून मी इतक्या खात्रीने लिहितेय: फांद्या काढा, पसारा कमी करा, पण मुख्य खोडं तीन-चार फूट उभी ठेवा.

बकेटचंही सांगते. मुळांसाठी अरुंद आणि दातांचं बकेट लागतं, साधारण फूटभर रुंदीचं. रुंद, सपाट धारेचं बकेट माती सारायला बरं, मुळांत ते नुसतं घसरतं. झुडपांची बहुतेक मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच पसरलेली असतात, खोल जायची गरज नसते, पण आडवी खूप लांब जातात. चांगला ऑपरेटर आधी पलीकडच्या बाजूची मुळं दातांनी तोडतो, मग अलीकडची, मग उचलतो, आणि उचलल्यावर हवेत धरून झटकतो म्हणजे चांगली माती बागेतच राहते. घाईतला ऑपरेटर मातीसकट गड्डे ट्रॉलीत टाकतो, आणि मग तीच खड्ड्यात भरायला आपण दुसरी माती विकत आणतो.

आता पाइप. काम सुरू करण्याआधी ऑपरेटरने विचारलं होतं, खाली काही आहे का? मी म्हटलं काही नाही. कारण मला माहीत नव्हतं आणि ते मान्य करण्याऐवजी नाही म्हणून मोकळी झाले. दोन तासांनी कारंजं उडालं. मागच्या नळाला जाणारा जुना पाण्याचा पाइप कुंपणाच्या बरोब्बर खालून गेला होता, मुळांनी त्याला वेढूनच टाकलं होतं. पाणी होतं म्हणून निभावलं. तिथे विजेची केबल असती तर? गॅसची लाइन असती तर? हे लिहिताना अजूनही पोटात गोळा येतो.

तेव्हा कळकळीने सांगते, माहीत नाही हे उत्तर द्या पण नाही हे उत्तर देऊ नका. मीटर कुठे आहे, तिथून घरात काय येतं, चेंबर एका रेषेत कुठे जातात, मागच्या नळाला, पंपाला, बागेतल्या दिव्याला काय जोडलंय ते स्वतः फिरून बघा, वीज-गॅस-पाणी-केबल देणाऱ्यांना विचारा, जुन्या शेजाऱ्यांना विचारा. जिथे शंका असेल तिथे मशीन लावायच्या आधी हाताने, फावड्याने सावकाश खड्डा घेऊन बघा, पहार जोरात मारू नका. खणताना रंगीत प्लास्टिकची पट्टी लागली तर तिथेच थांबायचं, ती खाली केबल किंवा पाइप आहे हे सांगायलाच पुरलेली असते. गॅसचा वास आला तर सगळ्यांनी लांब जायचं, जवळ कुठलंही बटण, लायटर, मोबाइल काही चालू करायचं नाही, आणि लांबून गॅसवाल्यांच्या इमर्जन्सी नंबरला फोन करायचा. वरच्या तारांकडेही बघा, मशीनचा हात उभा केला की किती उंच जातो ते खालून कळत नाही. समजा मशीन तारेला किंवा केबलला लागलंच तर आग लागलेली नसेल तोवर ऑपरेटरने जागेवरून उतरायचं नाही आणि खाली असलेल्या कुणी मशीनला हात लावायला जायचं नाही, लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत. वाचवायला धावणं ही माणसाची पहिली प्रेरणा असते म्हणून हे घरातल्या सगळ्यांना आधीच सांगून ठेवावं लागतं.

मशीन चालू झालं की बघायला सगळी गोळा होतात, लहान मुलं तर हटतच नाहीत. पोकलेन कमरेत फिरते तेव्हा तिचा मागचा भागही फिरतो, आणि ऑपरेटरला मागचं नीट दिसत नाही. भिंत आणि मशीन यांच्या मधल्या फटीत तर कुणी कधीच उभं राहायचं नाही. आम्ही दोरी बांधली आणि एका माणसाला फक्त तेवढंच काम दिलं, की कुणाला आत येऊ द्यायचं नाही.

आणि एक, मशीन महाग वाटतं म्हणून बरेच लोक गाडीला किंवा ट्रॅक्टरला दोर नाहीतर साखळी बांधून बुडखे ओढतात. आमच्याकडेही एका ओळखीच्यांनी हा उपाय सुचवला होता, मी नाही म्हटलं आणि त्याचं मला आजही समाधान आहे. ताणलेली साखळी तुटली तर ती चाबकासारखी परत येते. आणि साखळी ट्रॅक्टरला मागच्या हुकाच्या वर कुठेतरी बांधली असेल, बुडखा हलला नाही, तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड उचललं जाऊन तो चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटतो, क्लच दाबायलाही वेळ मिळत नाही.

निघालेला पसारा किती होतो याचा अंदाज कुणालाच येत नाही, कापलेलं कुंपण उभ्या कुंपणापेक्षा जास्त जागा खातं. चिपर मिळाला तर फांद्यांचा भुगा होऊन ढीग बराच कमी होतो आणि तो भुगा बागेत आच्छादन म्हणून वापरता येतो, फक्त चिपरमध्ये हाताने ढकलायचं नाही, सैल बाह्या, ओढणी, गळ्यातलं काही नको. बोगनवेलीचे काटे साध्या कापडी हातमोज्यातून आत जातात, चामड्याचे घ्या. कुंपणात शेर नावाचं चिकाचं झुडूप असेल तर त्याचा चीक डोळ्यात गेला की डोळ्याला फार मोठी इजा होऊ शकते, गॉगल लावल्याशिवाय त्याला हात लावू नका आणि तो चिपरमध्ये तर अजिबात नको. कण्हेर असेल तर जाळू नका, तिचा धूरही विषारी असतो. खरं तर काहीच जाळू नका.

भिंतीलगतचे शेवटचे सात-आठ बुडखे आम्ही मशीनने काढले नाहीत. भिंतीच्या पायाला लागून खणलं की पाया उघडा पडतो, आणि आमची भिंत तर आधीच कललेली. ते हाताने थोडे थोडे मोकळे करून जमिनीखाली वीतभर कापले. अशा जागी स्टंप ग्राइंडर आणतात, तो बुडखा जमिनीखाली सहा इंच ते फूटभर किसून काढतो आणि आजूबाजूची माती हलत नाही, पण बाजूची मुळं तशीच राहतात, त्यामुळे कोयनेलसारखं झाड असेल तर वर्षभर फुटवे खुडत राहायची तयारी ठेवा. बांबू असेल तर किसून उपयोग नाही, त्याचे जमिनीखालचे कंद शोधून शोधून काढावे लागतात.

मशीन गेल्यावर जो चर राहतो तो एकदम माती लोटून बुजवू नका. सहा-आठ इंचांचा थर, धुम्मस मारून माती घट्ट दाबायची, मग पुढचा थर. आम्ही घाईत अर्धा भाग तसाच भरला, एका पावसात तो वीतभर खाली बसला आणि भिंतीशी पाणी साचायला लागलं, परत माणसं लावावी लागली.

मशीन भाड्याने देणाऱ्यांना या पत्रातून विनंती आहे की फोन आला की तारीख देण्याआधी गेटची आणि वाटेची रुंदी विचारा, झाड कुठलं आणि खोडं किती जाड ते विचारा, जमिनीखाली काय आहे ते विचारा, चार फोटो मागवा, आणि खोडं किती उंच ठेवायची ते स्वतःहून सांगा. पाच मिनिटांचा फोन आहे. ज्या दुसऱ्या माणसाकडून मी मिनी पोकलेन आणली त्याने पहिल्याच फोनवर गेटचा फोटो मागितला होता, खोडांबद्दल मात्र तोही बोलला नाही.

आणि आपल्याला विनंती की बागेच्या पानावर या विषयाला एकदा नीट जागा द्या, एखाद्या अनुभवी ऑपरेटरशी बोलून लिहा, त्यांना जे माहीत असतं ते कुणी विचारतच नाही. माझ्याकडे जमिनीलगत कापलेल्या आणि उंच ठेवलेल्या अशा दोन्ही बुडख्यांचे काम चालू असतानाचे फोटो आहेत, हवे असतील तर पाठवते. आमच्या जागेचा पाइप आणि केबलचा एक कच्चा नकाशाही आम्ही आता काढलाय, तो मीटरच्या पेटीच्या दाराला आतून चिकटवलाय, पुढे जो कुणी इथे खणेल त्याच्यासाठी.

आपली,
एक नियमित वाचक